‘घरात कोण कोण होतं?’ : ‘द लाँग विंटर’ आणि आठवणींचा पुरावा

संशोधनाच्या वाटेवर एखादं पुस्तक असं भेटतं, की वाचताना आपण संशोधक आहोत हेच विसरायला होतं. माझ्या बाबतीत हे लॉरा इंगल्स वाइल्डरच्या ‘द लाँग विंटर’नं केलं. माझा पीएचडीचा विषय आहे १९७२च्या दुष्काळाच्या बायकांनी सांगितलेल्या आठवणी. त्याचा अमेरिकेतल्या बर्फाशी काय संबंध, असं मलाही वाटलं होतं. पण टंचाईच्या दिवसांची आठवण लोक कशी सांगतात, हे बघायला हे पुस्तक वाच, असं माझ्या गाईड मॅडमनी सुचवलं. मी दोन रात्रीत संपवलं, भारावून गेले आणि त्या भरात पहिल्या प्रकरणात एक मोठी चूक करून बसले. आजची ही पोस्ट पुस्तकाबद्दल आहे, पण त्या चुकीबद्दलही आहे. पीएचडीची तयारी करत असाल तर तुम्हीही ती चूक कराल, असं मला जवळजवळ खात्रीनं वाटतं.

आधी पुस्तक. १८८०-८१चा हिवाळा. जागा : डकोटा टेरिटरीतलं डी स्मेट, रेल्वेबरोबर नुकतंच वसलेलं, वर्षभराचंही न झालेलं गाव. ऑक्टोबरातच पहिलं हिमवादळ येतं आणि इंगल्स कुटुंब माळावरची झोपडी सोडून गावातल्या इमारतीत राहायला येतं. मग वादळांमागून वादळं. जानेवारीत आगगाडी बंद पडते ती थेट मे महिन्यापर्यंत. गाडी का थांबते, हे पुस्तकात फार छान समजावलंय. रूळ जिथे उंचवटा कापून नेलेत, त्या खिंडीत बर्फ भरतो. माणसं तो खणून दोन्ही बाजूंना टाकतात. त्यामुळे भिंती आणखी उंच होतात आणि पुढच्या वादळात तीच खिंड आधीपेक्षा खोल भरते. म्हणजे जितकं साफ करावं तितकं पुढचं काम वाढत जातं.

गाडी नाही म्हणजे कोळसा नाही, रॉकेल नाही, पीठ नाही. मग वाळलेल्या गवताला पीळ देऊन त्याच्या कांड्या करायच्या आणि त्याच जाळायच्या. गहू दळायला घरात जातं नाही, तर कॉफी दळायचं छोटं हातयंत्र घ्यायचं आणि आळीपाळीनं दिवसभर फिरवायचं. दिव्यासाठी आई एक बटण चिंधीत बांधते, चिंधीची टोकं वर पिळून वात करते आणि गाडीच्या आसाला लावायच्या वंगणात ती बशीत ठेवते.

या सगळ्यात पुस्तक लक्षात राहतं ते छोट्या छोट्या आनंदांमुळे. बाबांचं फिडल. पाठ असलेल्या कविता आणि बायबलमधली वचनं म्हणायची चढाओढ. त्यात आंधळी झालेली मेरी सगळ्यांना हरवते. शेवटच्या टपालातून आलेले ‘यूथ्स कम्पॅनियन’चे अंक, जे लगेच वाचायचे नाहीत, नाताळपर्यंत राखून ठेवायचे. पोरं तयार होतात! वाचायला दुसरं काही नसताना वाचायचं पुढे ढकलणं, यातला आनंद ज्यानं लहानपणी दिवाळी अंक पुरवून पुरवून वाचलाय त्याला वेगळा सांगायला नको.

माझी चूक इथेच झाली. मी प्रकरणात लिहिलं : ‘टंचाईच्या काळात कुटुंब एकवटतं आणि छोटे आनंद जगण्याचं बळ देतात, हे वाइल्डरच्या लेखनातून दिसून येतं.’ वाक्य वाचायला छान होतं. मॅडमनी ‘दिसून येतं’ला गोल केला आणि समासात विचारलं, ‘कुणाला? आणि त्या घरात कोण कोण होतं, बघितलंस का?’

मला वाटलं, हा काय प्रश्न? आई, बाबा, मेरी, लॉरा, कॅरी, ग्रेस. पुस्तकात स्पष्ट आहे की.

आता बघा. ‘द लाँग विंटर’ १९४० साली आलं. त्या हिवाळ्यात लॉरा तेरा वर्षांची होती, मधल्या फेब्रुवारीत चौदाची झाली. पुस्तक आलं तेव्हा ती त्र्याहत्तर वर्षांची. म्हणजे मध्ये जवळजवळ साठ वर्षं. शिवाय ही मुलांसाठी लिहिलेली कादंबरी, तीही तृतीयपुरुषी. पण त्याआधी, १९३०च्या सुमारास, तिनं मोठ्यांसाठी प्रथमपुरुषी आठवणी लिहिल्या होत्या. त्या तिच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत. ‘पायोनियर गर्ल’ या नावानं, पामेला स्मिथ हिल यांच्या भरघोस टिपांसह, त्या २०१४ साली प्रसिद्ध झाल्या. मी त्या उघडल्या आणि थक्कच झाले.

त्या घरात आणखी तीन माणसं होती. जॉर्ज आणि मॅगी मास्टर्स हे तरुण जोडपं आणि त्यांचं तान्हं मूल, जे त्याच घरात जन्मलं होतं. सबंध हिवाळा ते इंगल्स कुटुंबाबरोबर राहिले. लॉराला हे अजिबात आवडलेलं नव्हतं. जॉर्ज कामाला हात लावत नसे, शेगडीजवळची उबदार जागा मात्र सोडत नसे, असं तिचं गाऱ्हाणं. इतक्या वर्षांनी लिहितानाही तिचा राग गेलेला नाही.

कादंबरीत हे तिघंही नाहीत. विसरली म्हणावं तर तसंही नाही. मुलीला, रोज वाइल्डर लेनला, लिहिलेल्या पत्रांत तिनं त्यांना वगळण्याची कारणं दिलीत. कुटुंब एकटं असलं तरच गोष्ट उभी राहते, असं तिचं म्हणणं होतं. थोडक्यात, मी ज्याला ‘कुटुंबाची एकजूट’ म्हणून पुरावा मानत होते, ती तीन माणसं खोलीबाहेर काढून तयार झालेली होती.

माझा पहिला आवेग होता, सगळं प्रकरण फेकून द्यायचा. ‘कादंबरीच ती, तिचा पुरावा कसला?’ हाही घाईचाच निष्कर्ष आहे आणि नव्या संशोधकांना तो फार आवडतो, कारण त्यात आपण हुशार ठरतो. पण जरा थांबून बघूया. हवामानशास्त्रज्ञ बार्बरा मेज बोस्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२०च्या एका शोधनिबंधात वाइल्डरची ही गोष्ट हवामानाच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहिली. तो हिवाळा खरोखरच त्या प्रदेशातल्या अतिशय कडक हिवाळ्यांपैकी एक होता आणि तिचं वर्णन बऱ्याच अंशी नोंदींशी जुळतं, असं त्यातून दिसलं. म्हणजे गंमत अशी, की बर्फाबद्दल ही बाई विश्वासार्ह साक्षीदार आहे, पण घरातल्या माणसांबद्दल नाही. एकच पुस्तक एका प्रश्नाला भक्कम आणि दुसऱ्याला पोकळ असू शकतं. ‘हे साधन विश्वासार्ह आहे का?’ हा प्रश्न म्हणूनच अर्धवट आहे. ‘कशाबद्दल विश्वासार्ह?’ असं विचारायला हवं.

आता समीक्षक म्हणून बोलायचं, तर या वगळण्यानं पुस्तकाचं काय झालं? गोष्ट घट्ट झाली, यात शंका नाही. पण एक खोटा दिलासाही तिच्यात शिरला : घरातली माणसं भली असतील तर हिवाळा निभतो. मास्टर्स मंडळींबरोबरचा हिवाळा जास्त अवघड प्रश्न विचारतो. न आवडणाऱ्या माणसाबरोबर तोच काळपट पाव सहा-सात महिने कसा वाटून खायचा? हा प्रश्न पुस्तकातून निसटला आणि मला तो उरलेल्या सगळ्यापेक्षा मोठा वाटतो. ‘आपलं आपण निभावलं’ ही पुस्तकाची शिकवणही सरळ नाही. त्या गावाचं सगळं जगणं रेल्वेवर टांगलेलं होतं आणि गाडी थांबताच गाव उपाशी पडलं. शिवाय ही जमीन ज्या डकोटा लोकांची, त्यांच्यापैकी एकच म्हातारा पुस्तकात येतो, सात महिने बर्फ पडेल असा इशारा देतो आणि निघून जातो. त्याचा हिवाळा कसा गेला, हे कुणी विचारत नाही. वाइल्डरच्या एकूण लेखनातल्या अशा चित्रणामुळेच अमेरिकेत तिच्या नावाच्या बालसाहित्य पुरस्काराचं नाव २०१८ मध्ये बदलण्यात आलं.

असं असूनही मी हे पुस्तक चांगलं का मानते? कारण आनंद कुठे संपतात, हे ते लपवत नाही. एका रात्री बाबा फिडल हातात घेतात आणि वाजवू शकत नाहीत. थंडीनं आणि गवत पिळून पिळून त्यांची बोटं सुजलीत, ताठरलीत. आपण समजतो, कला संकटात साथ देते. इथे संकट थेट कलाकाराच्या बोटांवर येतं. जळणाचं काम आणि संगीत एकाच हातांनी करायचं असेल, तर आधी संगीत जातं. आनंदाला शरीर लागतं, उष्मांक लागतात, हे इतक्या साध्या प्रसंगात सांगणारं लेखन मी फार वाचलेलं नाही.

दुसरा प्रसंग समोरच्या घरातला. अल्मान्झो आणि रॉयल या वाइल्डर भावांकडे गरमागरम पॅनकेक, मांस, काकवी आहे. भिंतीआड लपवलेलं गव्हाचं बियाणं बाबांनी हेरलंय. ते त्यातून घरासाठी गहू घेतात आणि त्यांच्या आग्रहावरून तिथे बसून खातातही. रस्त्याच्या अलीकडे बायकामुली काळपट पावावर दिवस काढतायत. लेखिका टीका करत नाही, पण प्रसंग गाळतही नाही. आणि तो दुकानदार लॉफ्टस! अल्मान्झो आणि कॅप गारलंड जीव धोक्यात घालून गहू आणतात. बुशेलला १.२५ डॉलरनं घेतलेला तो गहू लॉफ्टस ३ डॉलरनं विकायला काढतो. गावकरी जमतात. हिवाळा कधीतरी संपेल आणि मग गिऱ्हाईक तुझ्याकडे येईल का, एवढंच बाबा त्याला शांतपणे सुचवतात आणि भाव खाली येतो. दैनंदिन जगण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी नाताळच्या प्रसंगाबरोबर हाही वाचावा. नाताळच्या भेटी आणि गव्हाचा भाव, दोन्ही त्याच हिवाळ्यातले आहेत.

आणखी एक तपशील. वाइल्डरनं पुस्तकाला आधी नाव दिलं होतं ‘द हार्ड विंटर’. मुलांच्या पुस्तकाला ते फार उदास वाटेल म्हणून प्रकाशकांनी बदलायला लावलं. ‘कठीण’चं ‘लांब’ झालं. कठीण म्हटलं की कुणासाठी किती कठीण, असं विचारता येतं. लांब मात्र सगळ्यांना सारखंच लांब.

आता माझ्या कामाबद्दल. (हे त्या आजींच्या परवानगीनं आणि ओळख पटणार नाही अशा बेतानं लिहितेय.) दुष्काळी कामावर जाणाऱ्या एका आजींची मी मुलाखत घेतली होती. खडी फोडताना म्हटलेली गाणी, कामावर मिळणारी सुकडी, मिलोच्या तांबड्या भाकरीची केलेली थट्टा. ‘लई मजा यायची बघ,’ त्या म्हणाल्या होत्या आणि मी माझ्या वहीत ‘श्रमातला सामूहिक आनंद’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

‘पायोनियर गर्ल’ वाचल्यावर मी परत गेले आणि या वेळी फक्त एवढंच विचारलं, ‘आजी, तेव्हा घरात कोण कोण होतं?’ त्या बोटांवर मोजायला लागल्या. सासू, सासरे, दीर, मुलं. पाचव्या बोटावर थांबल्या. मग म्हणाल्या, धाकटी जाऊ होती. तान्हं पोर घेऊन तिला माहेरी धाडलं. खाणारी तोंडं फार झाली होती. पोर काही जगलं नाही. ‘तिचं कशाला आता,’ असं म्हणून त्यांनी चहाची कपबशी उचलली. मी रेकॉर्डर बंद केला.

गाण्यांची मजा खोटी होती का? मला तसं वाटत नाही. आजी खोटं बोलत नव्हत्या, लॉराही नव्हती. माणूस मजा सांगतो, कारण तेवढीच सांगवते. पण मी मजेखाली रेघा ओढल्या आणि जावेला शोधलंच नाही, ही माझी चूक, त्यांची नव्हे.

तेव्हा आठवणींवर काम करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं. घरातल्या माणसांची यादी आधी करा, आनंदाची नंतर. एकाच प्रसंगाचे दोन खर्डे मिळाले तर शेजारी ठेवून वाचा. दुसऱ्यात काय गाळलंय ते वेगळ्या रकान्यात लिहा. आणि ‘यातून दिसून येतं’ असं लिहिलंत की थांबून बघा, ते नक्की कुणाला दिसतंय.

माझं पहिलं प्रकरण अजून मॅडमकडेच आहे. ते वाक्य मी काढलं. त्या जागी नवीन काय लिहायचं, ते अजून सुचलेलं नाही. सुकडीचा परिच्छेद तसाच ठेवलाय, त्याच्या आधी एक ओळ जावेसाठी मोकळी सोडलीये. ती भरायची का नाही, हे पुढच्या महिन्यात आजींना परत भेटून विचारणार आहे.