बूथ यांची गुणाकाराची रीत : एका श्रेयाची फेरतपासणी

लंडनच्या बर्कबेक कॉलेजातील अँड्र्यू डॉनल्ड बूथ यांनी चिन्हयुक्त द्विमान संख्यांच्या गुणाकाराची जी रीत १९५१ साली मांडली, तिचे वर्णन पाठ्यपुस्तकांतून बहुधा 'शीघ्र गुणाकार' म्हणून येते. हे श्रेय तपासून घेण्याजोगे आहे.

रीत साधी आहे. गुणकाच्या उजवीकडे एक शून्य कल्पावयाचे आणि उजवीकडून दोन दोन लगतचे अंक पाहत जावयाचे. ०१ आढळल्यास गुण्य मिळवावयाचा, १० आढळल्यास वजा करावयाचा, अंक सारखे असल्यास नुसते सरकावयाचे. ०१११११० (म्हणजे ६२) या गुणकास नेहमीच्या पद्धतीने पाच बेरजा लागतात. येथे ६४ उणे २, एवढ्या दोनच क्रियांत काम भागते. परंतु ०१०१ (म्हणजे ५) घेतल्यास चित्र पालटते. दोन बेरजांच्या जागी चार क्रिया येऊन बसतात! शिवाय ज्या यंत्रात प्रत्येक अंकास घड्याळाचा एक ठोका ठरलेलाच असतो, तेथे वाचलेल्या बेरजेने वेळ वाचत नाही. तेव्हा शीघ्रतेचा दावा सरसकट मान्य करता येत नाही.

खरे श्रेय चिन्हाच्या बाबतीत आहे. दोनाच्या पूरक पद्धतीत सर्वांत डावीकडील अंकाचे मूल्य ऋण असते. चार अंकी ११०१ म्हणजे −८+४+१, अर्थात −३. ही पद्धती यंत्रकर्त्यांना प्रिय झाली, कारण तीत बेरीज करणाऱ्या मंडलाकडूनच वजाबाकीही करून घेता येते. पण गुणाकारात ती अडते. तोच ११०१ चिन्ह न पाहता वाचला तर १३ होतो, आणि शेवटी गुण्याची १६ पट वजा करावी लागते. १९४६ च्या प्रिन्स्टन अहवालात बर्क्स, गोल्डस्टाइन व फॉन नॉयमान यांनाही अशा दुरुस्तीचा विचार करावा लागला होता. बूथ यांच्या नियमाने मात्र −१+२−४ असे आपोआप −३ येतात. डावीकडील एकांची रांग बंद करणारी बेरीज कधी होतच नाही, हेच त्यातील इंगित. ऋण-धन भेद यंत्राला कळावाच लागत नाही.

वेगाची हमी दिली ती मॅकसॉर्ली यांच्या १९६१ च्या लेखातील रूपाने. तीत तीन अंकांचे, एकमेकांवर एका अंकाने चढणारे गट घेतात. गुण्याची ०, ±१ वा ±२ पट लागते आणि आंशिक गुणाकार निश्चितपणे निम्मे होतात. वर अडलेला ०१०१ येथे १+४ असा दोन क्रियांत सुटतो. वॉलेस यांनी १९६४ मध्ये सुचविलेल्या, हातचे राखून ठेवणाऱ्या बेरीजमंडलांच्या वृक्षाशी या रूपाची जोडी चांगली जमली. चार अंकांच्या गटाकडे जाताना मात्र हात आखडतो. दुप्पट नुसत्या सरकण्याने मिळते, तिप्पट मिळविण्यास आधी एक पुरी बेरीज करावी लागते.