पऱ्हाटीवर न तपासलेली चूल
‘कोणतेही जळण चालते’ हा नव्या चुलींचा दावा आम्हांला अपुरा वाटतो. भारतीय मानक १३१५२ (२०१३) प्रमाणे पंख्याच्या चुलीची औष्णिक कार्यक्षमता किमान ३५ टक्के हवी. पण ती मोजतात वाळवलेल्या, सारख्या मापाच्या लाकडावर पाणी तापवून. बीड जिल्ह्यातल्या घरात जळतात पऱ्हाट्या, तुराट्या आणि पावसाळ्यात सादळलेल्या गोवऱ्या. ओलावा उडवण्यातच उष्णता खर्च होते, ज्योत थंडावते आणि न जळालेला धूर स्वयंपाक करणारीच्या छातीत जातो. शिवाय भाकरीला आच तव्याच्या कडेपर्यंत हवी. अरुंद तोंडाची चूल ती मधेच करपवते. (आखताना भाकरी थापणारीला विचारले होते का?) घेण्यापूर्वी शिक्षकांनी घरचेच जळण तोलून दहा भाकऱ्या भाजाव्यात आणि तव्याच्या बुडाची काजळी बोटाने पाहावी.