राजाचं पुढे काय झालं? ‘नटसम्राट’ आणि वयाचं राजकारण

आयोजकांनी मला विषय दिला होता ‘वार्धक्य आणि समाज’. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला बोलवायचं ठरलं की हाच विषय आपोआप सुचतो, त्यात त्यांचा दोष नाही. मी तो थोडा वाकवून घेतला आहे. मला आज ‘नटसम्राट’बद्दल बोलायचं आहे, आणि जरा तक्रारीच्या सुरात बोलायचं आहे. नाटकाबद्दल माझी तक्रार कमी आहे. ते नाटक आपण ज्या पद्धतीने पाहत आलो, त्याबद्दल जास्त आहे.

‘नटसम्राट’ रंगमंचावर आलं डिसेंबर १९७० मध्ये. वि. वा. शिरवाडकर तेव्हा ५८ वर्षांचे होते. अप्पासाहेब बेलवलकर झाले होते डॉ. श्रीराम लागू. त्यांचं वय माहीत आहे? ४३. कान-नाक-घशाची प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ नाटकात येऊन जेमतेम वर्ष झालेला, चाळिशीतला धडधाकट माणूस म्हातारपण अंगावर चढवत होता. अभिनय म्हणून ते थोरच. पण मराठी माणसाच्या डोक्यात म्हाताऱ्याचं जे सगळ्यात ठसठशीत चित्र आहे, ते एका मध्यमवयीन माणसाने उभं केलेलं आहे, एवढी नोंद करून ठेवू. पुढे लागणार आहे.

त्याच वर्षी, १९७० मध्येच, पॅरिसमध्ये सिमोन द बोव्हार यांचं वार्धक्यावरचं जाडजूड पुस्तक निघालं. आणि त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञाने ‘एजिझम’ हा शब्द वापरात आणला. वॉशिंग्टनजवळच्या एका सुखवस्तू वस्तीत गरीब वृद्धांसाठी सरकारी घरं करायचं ठरलं, तर तिथले रहिवासी खवळून उठले. त्या भांडणात बटलर यांना वंशभेदाच्या जातीचाच हा भेद दिसला. आपण त्याला वयभेद म्हणू. गंमत म्हणजे बटलर आणि लागू दोघंही १९२७ सालचे.

आता एका वेळच्या या गोष्टी शेजारी ठेवून पाहा. बोव्हार म्हातारपणाबद्दल जाब विचारतात तो समाजव्यवस्थेला. कामगार साठीला कारखान्यातून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हातात काय उरतं, पेन्शन किती, घर कुठलं, आणि आयुष्यभर त्याला नुसता हात म्हणून वापरलं असेल तर आता त्याने वेळ कशाने भरायचा. बटलर जाब विचारतात तो शेजाऱ्यांना. आणि आपण? आपण जाब विचारला मुलाला, सुनेला, मुलीला, जावयाला. म्हातारपणाचा प्रश्न म्हणजे कृतघ्न मुलांचा प्रश्न, हे ‘नटसम्राट’ पाहून आपण पक्कं करून टाकलं. प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडला आणि घरी जाऊन आईला दोन दिवस जरा गोड बोलला. संपलं. नाटकाने प्रबंध लिहावा असं मी म्हणत नाही. पण पन्नास वर्षं शाळेच्या स्नेहसंमेलनात बारा-तेरा वर्षांची पोरं केसांना पावडर फासून तीच स्वगतं म्हणतात आणि आपण टाळ्या वाजवतो, तेव्हा आपण त्यांना नेमकं काय शिकवत असतो?

मी हे नाटक बऱ्याच वेळा पाहिलंय. मध्यंतरी पुन्हा वाचायला घेतलं तेव्हा एक साधी गोष्ट केली. पात्रांची नावं कागदावर लिहिली आणि पुढे अंदाजे वयं मांडली. मग जे दिसलं ते इतकं ढळढळीत होतं की आधी कसं दिसलं नाही याचं नवल वाटलं. अप्पासाहेबांच्या विरुद्ध जी माणसं जातात ती सगळी तीस-चाळीसच्या आसपासची. आणि त्यांच्या बाजूला कोण आहे? कावेरी सोडली तर नात ठमी. आणि शेवटी फूटपाथवर भेटलेला बूटपॉलिशवाला राजा. म्हणजे एका टोकाला म्हातारा, दुसऱ्या टोकाला पोरं, आणि मधे घराचा हिशोब सांभाळणारी माणसं. आपण हे नाटक बाप विरुद्ध मुलं असं वाचलं. मला ते आता दोन टोकं आणि मध्य असं दिसतं.

हे मध्याचं प्रकरण जुनं आहे. अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘र्‍हेटरिक’मध्ये, दुसऱ्या भागात, तरुण, म्हातारे आणि भर वयातले अशी तीन माणसांची वर्णनं आहेत. तरुण सगळंच जास्त करतात, जास्त प्रेम, जास्त राग, जास्त भरवसा. म्हातारे सगळंच कमी करतात, संशयी, भित्रे, चिकट. आणि भर वयातला माणूस? तो नेमका. त्याच्याकडे दोघांचे गुण, दोघांचे दोष वजा. शरीर ऐन भरात येतं तिशी ते पस्तिशीत, आणि मन ४९ च्या सुमारास, असा आकडासुद्धा त्याने देऊन ठेवला आहे. मी हे अनेक वर्षं वर्गात शिकवलं, आणि ते शिकवताना मी स्वतः चाळिशी-पन्नाशीत होतो, त्यामुळे मला ते अगदी पटत असे.

आपली भाषासुद्धा अ‍ॅरिस्टॉटलच्याच बाजूची आहे. तरुणाने काही केलं तर गद्धेपंचविशी. म्हाताऱ्याने केलं तर म्हातारचळ, साठी बुद्धी नाठी. आणि मधल्याला? ‘चाळिशी लागली’ म्हणजे चष्मा लागला, एवढंच. चाळीस-पंचेचाळीसच्या माणसाने कितीही मूर्खपणा केला तरी तो त्याच्या वयावर जात नाही. मूर्खपणा त्याचा एकट्याचा राहतो. वयभेदाचं माझ्यापुरतं लक्षण हेच आहे. एखाद्याचं बोलणं तपासायच्या आधी त्याचं वय पुढे करायचं, म्हणजे तपासायची गरजच उरत नाही. हे म्हाताऱ्याच्या बाबतीत जसं होतं, तसंच वीस वर्षांच्या मुलीच्या बाबतीत होतं. बटलर यांनीही शब्द आणला तेव्हा एका वयोगटाचा दुसऱ्या वयोगटाविषयीचा पूर्वग्रह, असाच अर्थ धरला होता. तो फक्त म्हाताऱ्यांच्या नावावर नंतर चढला.

राजकारणात याचे मासले हवे तेवढे मिळतात. मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं ते ६१ व्या घटनादुरुस्तीने, १९८९ मध्ये. पण लोकसभेला, विधानसभेला उभं राहायचं तर आजही २५ पूर्ण लागतात, राज्यसभेला ३०. अठराव्या वर्षी निवड करण्याइतकी अक्कल आहे, निवडून येण्याइतकी नाही! याचं धड समर्थन मी अजून ऐकलेलं नाही. दुसऱ्या टोकाला २०१४ मध्ये भाजपने मार्गदर्शक मंडळ काढलं. मार्गदर्शनाची गरज कुणाला पडली ते आपण पाहिलंच.

शरद पवारांचं उदाहरण घेतो, कारण त्यात दोन्ही बाजू आहेत. ऑक्टोबर २०१९, साताऱ्याची सभा, भर पावसात ते बोलले. वय ७८. महाराष्ट्र हेलावला. ते काय बोलले हे किती जणांना आठवतं? आठवतो तो पाऊस, आणि ‘या वयातही’ हे दोन शब्द. जुलै २०२३ मध्ये पक्ष फुटला तेव्हा अजित पवारांनी जाहीर सभेत विचारलं, वय ८२ झालं, आता थांबणार की नाही. विचारणारे स्वतः तेव्हा ६३ वर्षांचे, म्हणजे कायद्याने ज्येष्ठ नागरिक. पहिल्या प्रसंगी ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांतल्या अनेकांना दुसरा प्रसंग अपमानाचा वाटला. मला दोन्ही एकाच नाण्याचे वाटतात. ‘या वयातही’ म्हणणारा आणि ‘या वयात कशाला’ म्हणणारा, दोघांनीही धोरणाचा, सत्तेचा, चुकांचा हिशोब बाजूला ठेवून जन्मतारीख पुढे केली.

इथे एक कबुली दिली पाहिजे. वयभेदाला विरोध म्हणजे खुर्चीला चिकटून राहायचा परवाना नव्हे. साहित्यसंस्था, सहकारी बँका, शिक्षणसंस्था यांच्या कार्यकारिणीचे फोटो पाहा. माझ्यासारखी माणसं पंधरा-पंधरा वर्षं बसलेली असतात आणि वर ‘तरुण पुढे येत नाहीत’ म्हणून हळहळतात. त्यांना उठवायला वयाची गरजच नाही. मुदत ठरवा. तीन वर्षं, बाहेर, मग तो तिशीचा असो की ऐंशीचा.

आता कायद्याकडे येतो, कारण ‘नटसम्राट’चा खरा परिणाम मला तिथे दिसतो. म्हणजे तसा धागा सिद्ध करता येणार नाही, पण वृत्ती तीच. २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा वाचा. सांभाळण्याची जबाबदारी मुलांवर, आणि तिथे भाषा सक्तीची. मुलं नसतील तर ज्या नातेवाइकाला मालमत्ता मिळणार त्याच्यावर. कलम २३ तर जणू अप्पासाहेबांसाठीच लिहिलंय: सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि समोरच्याने सांभाळलं नाही, तर ते देणं रद्द होऊ शकतं. लिअर राजाला हे कलम मिळालं असतं तर शेक्सपिअरची पंचाईत झाली असती. बरं, आणि ज्याला मालमत्ताही नाही आणि मुलंही नाहीत त्याचं काय? त्याच्यासाठी कलम १९ आहे. राज्य सरकार दर जिल्ह्याला निदान एक, दीडशे निराधारांचं वृद्धाश्रम काढू शकेल. ‘काढू शकेल’. मुलांनी सांभाळलंच पाहिजे आणि सरकारने मनात आलं तर. सगळं नाटक या दोन क्रियापदांत आहे.

आणि पैसे? केंद्राची इंदिरा गांधी वृद्धापकाळ पेन्शन ६० ते ७९ वयाला महिना २०० रुपये. २००७ साली तेवढीच होती. महाराष्ट्रात राज्य सरकार त्यात भर घालतं, त्या योजनेचं नाव श्रावणबाळ. नाव बघा! नागरिकाच्या हक्काचे पैसे देतानासुद्धा आपल्याला कावड आणि आज्ञाधारक मुलगाच आठवतो.

यात चेपली जाते ती मधली पिढी, हेही म्हटलं पाहिजे, नाहीतर मी त्यांना खलनायक करून मोकळा होईन. सून म्हणजे कजाग हे आपण नाटकाबरोबर घेऊन टाकलं. पण अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचं सगळं करणारी कोण असते? ती नोकरी करते, मुलाचा अभ्यास घेते, दोन खोल्यांत चार माणसं बसवते. सरकारने अंग काढून घेतलेलं सगळं काम तिच्या अंगावर येऊन पडतं आणि ते नाही झालं तर त्याला संस्कार कमी पडले म्हणतात. तिच्या बाजूने कुणी चार पानांचं स्वगत लिहिलेलं नाही.

आता स्वतःबद्दल बोलतो, कारण पिढ्यांमधली एकजूट हा शब्द व्यासपीठावरून फार स्वस्तात निघतो. मला जुनी पेन्शन आहे. महागाई भत्त्यासकट, दर महिन्याला, न चुकता. १ नोव्हेंबर २००५ नंतर जे लागले त्यांना ती नाही. आमच्या स्टाफरूममध्ये एकाच टेबलावर तीन प्रकारची माणसं डबा उघडत होती. मी, माझ्यानंतर लागलेला सहकारी, आणि तासिका तत्त्वावर येणारी, पीएच. डी. झालेली मुलगी, जिला सुट्टीच्या महिन्यांत पगारच नसे. काम एकच. विद्यार्थी तेच. आम्ही जुने लोक तेव्हा काय करत होतो? आमच्या वेतन आयोगाच्या थकबाकीसाठी पत्रं लिहीत होतो. तिच्यासाठी एकही लिहिलं नाही. मीही नाही. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला, तेव्हा आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर चर्चा काय होती? तिजोरीवर बोजा किती पडेल. जो बोजा आम्ही स्वतः आहोत, त्याची.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या सुरुवातीला म्हातारा केफलस सॉक्रेटिसला सांगतो, म्हातारपण जड जातं ते स्वभावामुळे, वयामुळे नाही. सॉक्रेटिस त्याला हळूच म्हणतो की लोक म्हणतील, तुला ते सोपं जातंय ते तू श्रीमंत आहेस म्हणून. ‘म्हातारपण आनंदात कसं घालवावं’ यावर माझी व्याख्यानं ठेवणाऱ्यांना मी आता हा उतारा वाचून दाखवतो.

आणि म्हणून मला परत राजाकडे यायचंय. नटसम्राटाचं पहिलं दर्शन झालं की आपल्याला राजा दिसतच नाही, तो अप्पासाहेबांचं दुःख उजळायला ठेवलेला दिवा वाटतो. पण त्याने काय केलं ते बघा. अप्पासाहेबांनी त्याला जन्म दिलेला नाही, वाढवलेला नाही, एक पैसाही ठेवलेला नाही. त्याच्यावर कसलंच ऋण नाही. मालमत्ता नाही, म्हणून कलम २३ नाही. तो या म्हाताऱ्याला आपल्या जागेत सामावून घेतो, कारण तो तिथे आहे आणि एकटा आहे. दोघांनाही मधल्या जगाने रस्त्यावर काढलेलं आहे. नातं असलंच तर एवढंच.

१९७० मध्ये राजा पंधरा-सोळा वर्षांचा धरू. म्हणजे आज तो सत्तरीत असेल, माझ्याच वयाचा. बूटपॉलिशचा धंदा कधीच बसला असणार. लग्न झालं असेल, नसेल. श्रावणबाळ योजनेला तो वयाने पात्र आहे. अर्जाला वयाचा दाखला लागतो, उत्पन्नाचा लागतो, आणि महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचा रहिवासी दाखला लागतो. त्यावर पत्ता लिहायला रकाना असतो. फूटपाथवरच्या ज्या जागेत त्याने अप्पासाहेबांना ठेवून घेतलं, ती त्या रकान्यात कशी लिहायची हे मला सांगता येत नाही.

मी इथे थांबतो. मागे बसलेल्या मुलींनी मघापासून हात वर केलेला आहे, आधी त्यांचे प्रश्न घेऊ.