आपोआप जुळणारी घड्याळे

सॅली फ्लॉइड आणि व्हॅन जेकबसन यांचा राउटरांच्या नियतकालिक संदेशांवरील १९९३ चा शोधनिबंध संगणकजाळ्यांच्या तज्ज्ञांसाठी लिहिलेला आहे. तरी विज्ञानशिक्षकांनी तो जरूर वाचावा, कारण आपल्या एका पक्क्या समजुतीला तो सुरुंग लावतो. अनेक यंत्रे आपापल्या घड्याळाप्रमाणे तेच काम करू लागली, तर ती कामे विखुरलेलीच राहतील, ही ती समजूत.

मे १९९२ मध्ये बर्कलीहून एमआयटीकडे साधारण सेकंदाला एक असे १००० चाचणी-संदेश पाठवले गेले. निदान ३ टक्के हरवले, आणि हरवण्याला ९० सेकंदांचा ताल होता. वाटेतले राउटर, म्हणजे संदेशांना वाट दाखवणारी यंत्रे, दर ९० सेकंदांनी मार्गांची माहिती एकमेकांना कळवत आणि तेवढ्यात इतर संदेश गळत.

हे राउटर एकत्र आले कसे? निबंधाचा सर्वांत सरस भाग हाच. राउटर स्वतःचा संदेश तयार करत असताना दुसऱ्याचा आला, तर तो दोन्ही कामे उरकूनच आपले घड्याळ पुन्हा लावतो. जवळजवळ एकाच वेळी जागे झालेले दोघे म्हणून एकाच क्षणी मोकळे होतात आणि पुढे जोडीनेच चालतात. घोळका वाढला की काम वाढते, त्याची फेरी लांबते, आणि मागून येणारा एकटा राउटर त्यात सापडतो.

उपाय यादृच्छिक विलंबाचा: दर खेपेस थांबण्याचा काळ थोडा कमीजास्त, चिठ्ठी उचलल्यासारखा ठरवायचा. पण चिमूटभर बदल पुरत नाही. मात्रा वाढवत नेली की एका टप्प्यावर घोळका एकाएकी फुटतो. पाणी हळूहळू नव्हे, ठरावीक तापमानाला गोठते, तसेच. लेखक खात्रीची मात्राही सांगतात: मूळ काळाच्या निम्म्यापासून दीडपटीपर्यंत कोणताही काळ घ्यावा. ३० सेकंदांऐवजी १५ ते ४५!

दोन गोष्टी मात्र खटकतात. काजव्यांचा दाखला आकर्षक, पण फसवा आहे. काजवा शेजाऱ्याचा प्रकाश पाहून आपली लय बदलतो. राउटर कोणाकडे पाहून लय बदलत नाही, तो फक्त कामात अडकतो. शिवाय प्रारूपातले सारे राउटर एकाच सामायिक तारेवर, प्रत्येकाचे ऐकणारे आहेत. खरी जाळी इतकी सुबक नसतात.

आज लिनक्समधील सिस्टिमडी ठरलेल्या वेळेच्या कामांना असा विलंब जोडू देते. मात्र न सांगितल्यास तो शून्य असतो. मध्यरात्रीचा ठोका पडताच हजारो यंत्रे एकाच सर्व्हरवर धडकतात, तेव्हा ती वेळ माणसानेच लिहिलेली असते. फ्लॉइड-जेकबसनांच्या राउटरांना ती कोणीही नेमून दिली नव्हती.