शेताचे चित्र आणि शेतीची जाण

कोल्हापूरच्या चित्रशिल्पकलेत शेतीचा विषय निघाला की बैलजोडी, मोट, गुऱ्हाळाचा धूर आणि डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन बांधावरून येणारी कारभारीण ही सामग्री ठरलेली असते. अलीकडे त्यात विज्ञानाची भर म्हणून कोपऱ्यात एखादे दातेरी चाक किंवा जनुकाची पिळदार साखळी रंगवली जाते. बाबूराव पेंटरांचा वारसा सांगणाऱ्या कलानगरीत एवढ्यावर कौतुक पदरात पडावे, ही गोष्ट खटकणारी आहे.

या वृत्तीचा सर्वांत भव्य आविष्कार कणेरी मठावरील सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालयात दिसतो. तेथे आधी गुहेत कणाद, सुश्रुत, वराहमिहिर यांसारखे प्राचीन ज्ञाते भेटतात आणि नंतर उघड्या आवारात नांगरणी, मळणी व बलुतेदारांचे व्यवहार सिमेंटच्या पुतळ्यांतून उभे केलेले दिसतात. हुबेहूबपणात हे कारागीर कोणाला हार जाणार नाहीत. परंतु जातीने काम आणि वाटा ठरवून देणारी बलुतेदारी येथे निव्वळ गुण्यागोविंदाचा संसार म्हणून मांडली जाते, आणि विज्ञान ऋषींपाशी सुरू होऊन तेथेच संपते. पाहणाऱ्याला गहिवर येतो, प्रश्न मात्र पडत नाही.

रंकाळ्याच्या आणि पन्हाळ्याच्या निसर्गचित्रांविषयी एवढेच म्हणता येईल की चित्रकार अबालाल रहिमान यांच्यानंतर त्यांत पाणी पुष्कळ वाढले, खोली नाही. शेताच्या नावाखाली मातकट रंगाचे थर देणाऱ्या अमूर्त चित्रांना तर बांधच नसतो.

खरी परंपरा दुसरीकडे आहे. बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेऱ्याची रचना समजून घेऊन 1918 च्या सुमारास कोल्हापुरातच कॅमेरा घडवला, त्यावर 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला आणि 1925 च्या ‘सावकारी पाश’ या मूकपटात कर्जापायी जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी दाखवला. ती भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली होती. येथे यंत्राचे ज्ञान हाताला होते आणि शेतीचे अर्थकारण दृष्टीला होते. विज्ञान चित्राचा विषय नव्हते, ते चित्र घडवण्याची रीतच होते. म्हणून त्या कलाकृतीतला शेतकरी शोभेचा राहिला नाही, तो कर्ज, गहाणखत आणि गिरणी यांच्या साखळीत सापडलेला माणूस झाला.

आजच्या शेतात तर विज्ञान पावलोपावली आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा सरताच बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या, बसवतात आणि पुढच्या पावसाआधी काढून घेतात. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानेच उघडतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 फुटांवर गेली की धोका, हे हिशेब पोराटोरांना पाठ असतात, आणि 2019 च्या महापुरात पाणी 55 फुटांच्या वर गेल्याचेही. को 86032 या उसाच्या वाणाने शिवारे व्यापली, ठिबकच्या नळ्या सरीसरीतून पसरल्या. असे असता चित्रातली मोट हलत नाही, कारण मोटेला खरेदीदार आहे.

परंपरा जपली पाहिजे, असा यावर बचाव केला जातो. पण ज्या अवजाराने पाणी उपसणे शेतकऱ्याने कधीच सोडले, ते त्याच्या गळ्यात पुन्हा अडकवणे हे जतन नव्हे. महाराष्ट्राच्या सीमेलगत मध्य प्रदेशातील पारडसिंगा येथे श्वेता भट्टड आणि त्यांचे सहकारी ग्राम आर्ट प्रोजेक्टमधून देशी कपाशीचे बियाणे, हातसूत आणि बीजराख्या यांनाच कलेचे माध्यम करतात. न्यूयॉर्कच्या भरावाच्या जमिनीवर 1982 मध्ये कलावंत ॲग्नेस डेनेस यांनी गहू पेरला, तेव्हा जमिनीची किंमत कोण ठरवतो हा प्रश्न त्या पिकासोबतच उगवला. कोल्हापूरपाशी ऊस आहे, पूर आहे, बंधारे आहेत, काटामारीचे, म्हणजे वजनातल्या लबाडीचे, आणि उसाच्या दराचे भांडण आहे, यंत्रे घडवणारे उद्यमनगर आहे. एवढे असूनही चित्रकाराला सूर्यास्ताची बैलगाडीच सुचत असेल, तर दोष विषयाचा नाही, शेताकडे पर्यटकाच्या नजरेने पाहणाऱ्या शिक्षणाचा आहे. जो कलावंत बरग्याची जागा सांगू शकत नाही, त्याने शेतीपासून प्रेरणा घेतल्याचा दावा करू नये, आणि समीक्षकांनीही तो मान्य करू नये.