सलोनिकेची ‘भुते’

प्राचीन बंदरांचे इतिहास बहुधा राजवटींच्या याद्या होऊन बसतात. मार्क मॅझॉवर यांचा ‘सलोनिका : सिटी ऑफ घोस्ट्स’ (२००४) हा ग्रंथ त्याला अपवाद आहे. इ. स. पू. ३१५च्या सुमारास कॅसँडरने वसविलेले हे ग्रीक शहर पुढे रोमन, बायझंटाइन, काही वर्षे व्हेनिशियन, १४३०पासून ऑटोमन आणि १९१२पासून पुन्हा ग्रीक अमलाखाली आले. मॅझॉवर आपला पट १४३० ते १९५० एवढाच मांडतात. आधीची सतराशे वर्षे पार्श्वभूमीपुरती उरतात, हे मला खटकले. गॅलेरियसकालीन रोटुंडा आधी चर्च, मग १५९१मध्ये मशीद कशी झाली, हे त्या सतराशे वर्षांवाचून नीट उमगत नाही.

ग्रंथाचे खरे बळ ज्यूंविषयीच्या प्रकरणांत आहे. १४९२मध्ये स्पेनमधून हाकलले गेलेले हे लोक येथे स्थिरावले आणि चार शतकांहून अधिक काळ पूर्वजांची स्पॅनिश बोलत राहिले. परमुलुखात भाषा जपलेल्या घरांना याचे मोल वेगळे सांगायला नको. शनिवारी बंदरच बंद असे! तरीही मॅझॉवर या सहजीवनाला सोनेरी मुलामा देत नाहीत. तिन्ही धर्मांचे लोक शेजारी होते, सोयरे नव्हते, हे ते स्वच्छ सांगतात.

राजे बदलल्याने हे गाव मोडले नाही. राज्य एकाच लोकसमूहाचे असावे, या नव्या कल्पनेने ते मोडले. १९१३च्या ग्रीक जनगणनेत सुमारे १,५८,००० वस्तीपैकी ६१,००० ज्यू होते. १९१७च्या आगीत त्यांचे मोहल्ले जळाले. १९२३च्या लोकसंख्या-अदलाबदलीत मुसलमान गेले, आशिया मायनरमधील निर्वासित आले. १९४३मध्ये नाझींनी पंचेचाळीस हजारांहून अधिक ज्यूंना ऑशविट्झला धाडले.

येथे मात्र ग्रंथाच्या नावाबद्दलच माझी तक्रार आहे. भुते आपोआप होतात. ही माणसे हलविली गेली. त्याआधीच, डिसेंबर १९४२मध्ये, जर्मन परवानगीने नगरपालिकेच्या मजुरांनी ज्यू दफनभूमी उखडली आणि थडग्यांचे दगड बांधकामांना वापरले गेले. आतल्या पानांत मॅझॉवर हे सारे निर्भीडपणे मांडतात. मुखपृष्ठावर मात्र हळवे होतात.

२०२४मध्ये सुरू झालेल्या मेट्रोच्या वेनिझेलू स्थानकात खोदकामात सापडलेला प्राचीन रस्ता प्रवाशांना पाहता येतो. दफनभूमीवर विद्यापीठ उभे आहे. तेथे स्मारक उभारायला २०१४ साल उजाडावे लागले.