खाली झुकलेली नजर : दयानिता सिंग यांची कुटुंबचित्रे

दयानिता सिंग (जन्म १९६१) यांच्या ‘प्रायव्हसी’ या छायाचित्रग्रंथातील उच्चवर्गीय भारतीय कुटुंबे हॅसलब्लाड कॅमेऱ्याने टिपलेली आहेत. या ग्रंथाकडे केवळ वर्गचित्रण म्हणून पाहणे अपुरे ठरते. त्यातील निवेदनाचा प्रश्न उपकरणापासूनच सुरू होतो. १२० फिल्मच्या एका रिळावर सहा बाय सहा सेंटिमीटरची बाराच चित्रे मिळतात. हा कॅमेरा मूळ पद्धतीने, पोटाशी धरून वापरल्यास वरच्या काचेतील, डावे-उजवे उलटलेली प्रतिमा पाहण्यासाठी मान खाली घालावी लागते. परिणामी पाहणाऱ्याचा चेहरा यंत्रामागे दडत नाही. कादंबरीतील सर्वसाक्षी निवेदकाला ही सोय (की अडचण?) नसते.

चौरसाला आडवी वा उभी अशी दिशा नसते. त्यामुळे सोफा, पडदे, भिंतीवरील तसबिरी यांना माणसांइतकाच अवकाश लाभतो. म्हणूनच याच ग्रंथातील निर्मनुष्य दिवाणखान्यांची चित्रेही कुटुंबचित्रेच ठरतात, किंबहुना अधिक बोलकी.

मात्र येथील माणसे स्वतःला हवी तशी कॅमेऱ्यासमोर उभी आहेत. या संमतीतून जिव्हाळा येतो, पण घरातील विसंवाद चौकटीबाहेर राहतो. उमरावसिंग शेरगिल (१८७०–१९५४) यांनी घरच्यांची काढलेली छायाचित्रे येथे आठवतात. तेथे पिता स्वतःलाही वारंवार चौकटीत आणतो. सिंग मात्र या घरांत परिचित पाहुण्या म्हणून येतात. घर त्यांच्यासाठी आवरलेले असते, आणि रिकाम्या खुर्च्यांच्या चित्रांतूनच ते आवरणे उघडे पडते.